जुन्या वस्तीत रुग्णालयाचा विस्तार आणि झोन बदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या वस्तीतलं रुग्णालय सुरुवातीला लहानच असतं. एखाद्या ट्रस्टनं चालवलेलं, दोन मजली, ओपीडीत सगळे ओळखीचे चेहरे. मग शेजारचा वाडा विकत घेतला जातो, मागची बखळ घेतली जाते, आणि एके दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात सूचना येते : अमुक सिटी सर्व्हे नंबरची जमीन निवासी विभागातून वगळून सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागात समाविष्ट करण्याचं प्रस्तावित आहे, हरकती एका महिन्यात द्याव्यात. गल्लीत चर्चा सुरू होईपर्यंत त्यातले पंधरा दिवस उलटलेले असतात. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या शहरांपुरती आहेत.

झोन बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, प्रत्येक भूखंडाचा वापर ठरवलेला असतो : निवासी, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक वगैरे. त्यावर बाग, शाळा, मंडई, रस्तारुंदी अशी आरक्षणं असतात. झोन बदलला की त्या जमिनीवर काय बांधता येईल, किती आणि किती उंच, याचे नियम बदलतात.

लोकांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. हा बदल जमिनीला चिकटतो, मालकाला नाही. आज अर्ज करणारा ट्रस्ट कितीही सज्जन असो, उद्या त्यानं रुग्णालय एखाद्या साखळीला चालवायला दिलं तरी जमिनीचा नवा वापर तसाच राहतो. त्यामुळे ‘डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत, ते काही वावगं करणार नाहीत’ हे खरं असलं तरी झोन बदलाच्या बाबतीत बिनकामाचं आहे.

पण निवासी भागात रुग्णालय चालतंच ना? मग झोन बदल कशाला?

चालतं, आणि म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारायचा : नेमकं मागितलंय काय? मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, मुंबईला स्वतःची २०३४ ची. दोन्हींमध्ये निवासी विभागात रुग्णालयाला वाव आहे, पण तो समोरच्या रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची आणि सोडायचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, यांना बांधलेला आहे. जुन्या पेठांमधले रस्ते अरुंद असतात, घरं एकमेकांना भिंत लावून असतात. तिथेच गाडं अडतं.

म्हणून ‘झोन बदल’ या नावाखाली चार वेगळ्या मागण्या येतात. खराखुरा विभाग बदलणं ही एक. शेजारच्या भूखंडावरचं बागेचं किंवा मैदानाचं आरक्षण उठवणं किंवा बदलणं ही दुसरी. वैद्यकीय संस्थेसाठी प्रीमियम भरून जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या मानानं जादा बांधकाम क्षेत्र, घेणं ही तिसरी. आणि चौथी, सगळ्यात गुपचूप होणारी : उंची, सामासिक अंतर, पार्किंग यांत आयुक्तांच्या अधिकारातली सवलत. पहिल्या दोन्हींसाठी जाहीर सूचना काढावीच लागते. शेवटच्या दोन्हींत सहसा तुमच्यापर्यंत काहीच येत नाही. थेट पत्रे ठोकलेले दिसतात. माझं मत विचाराल तर वस्तीचं जास्त नुकसान सवलतींनीच होतं, कारण त्यावर भांडायला तारीखच मिळत नाही.

नगररचना विभागातून त्या सिटी सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि डीपीचा भाग नकाशा काढून घ्या. फाइल पाहायची तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत लक्षात घेता अर्ज सूचना निघण्याची वाट न बघता, कुणकुण लागली की लगेच करायचा असतो.

बदल मंजूर कसा होतो?

मंजूर आराखड्यातला फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होतो. महापालिका किंवा नगरपालिका प्रस्ताव करते, राजपत्रात आणि अन्य मार्गांनी सूचना प्रसिद्ध करते, एक महिन्यात हरकती-सूचना मागवते, सुनावणी घेते आणि प्रस्ताव राज्य शासनाकडे पाठवते. अंतिम शब्द नगरविकास विभागाचा. शासन तो जसाच्या तसा मंजूर करू शकतं, बदल करून करू शकतं, अटी घालून करू शकतं किंवा नाकारू शकतं.

दुसरा रस्ताही आहे. तातडीचं सार्वजनिक हित आहे असं वाटलं तर कलम ३७ (१ कक) खाली शासन स्वतःच सूचना काढतं. महापालिकेच्या सभागृहात विषय येतच नाही. पण हरकतींसाठी एक महिना तिथेही द्यावा लागतो.

कलम ३७ मधल्या दोन तरतुदी रहिवाशांच्या कामाच्या आहेत. एक, आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही असाच फेरबदल या कलमाखाली करता येतो. दोन, महापालिकेनं प्रस्तावामुळे बाधित होणाऱ्या व्यक्तींना स्वतंत्र नोटीस द्यायची असते, नुसती पेपरात जाहिरात पुरत नाही. भिंतीला भिंत लागून असलेलं घर तुमचं असेल आणि नोटीस आली नसेल, तर हरकतीतला पहिला मुद्दा तोच करा.

हरकतीत काय लिहायचं?

शंभर सह्यांचं ‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढंच निवेदन सुनावणीत दोन मिनिटांत निकाली निघतं. सुनावणी घेणारा अधिकारी अहवाल लिहिणार असतो. त्याला अहवालात उतरवता येईल असं काहीतरी हवं असतं : रस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी, सकाळी दहा ते बाराचे रस्त्याचे फोटो, अग्निशमन बंब कोणत्या वळणावर अडतो, पाण्याचा दाब किती, ड्रेनेजची लाइन किती जुनी आणि किती व्यासाची, प्रस्तावित जागेत झाडं किती.

आणि नुसता नकार देऊ नका, अटी मागा. हे अनेकांना पटत नाही. अटी मागितल्या म्हणजे होकार दिला असं वाटतं. तसं होत नाही. ‘प्रस्ताव फेटाळावा, तरीही मंजूर करायचा झाल्यास पुढील अटी घालाव्यात’ अशी दुहेरी मागणी सर्रास केली जाते आणि ती योग्यच आहे. विस्ताराच्या बैठकीत रुग्णालयाचे लोक खूप काही कबूल करतात. रुग्णवाहिका मागच्या दारानं येतील, जनरेटर तळघरात जाईल, दर्शनी भाग तसाच ठेवू. बैठक संपते, चहा होतो. त्यातलं शासनाच्या अधिसूचनेत जेवढं उतरलं तेवढंच उरतं. बाकीचं पुढच्या व्यवस्थापनाला माहीतसुद्धा नसतं.

अट मोजता येईल अशी लिहा. ‘वस्तीच्या स्वरूपाला बाधा येऊ नये’ ही अट नव्हे. ‘रस्त्याच्या बाजूची उंची शेजारच्या इमारतीच्या कौलांच्या पातळीपेक्षा जास्त नसावी’, ‘मालवाहू गाड्यांना रात्री १० ते सकाळी ६ बंदी’, ‘तळघराचा वापर पार्किंगखेरीज कशासाठीही नाही’ या अटी.

आमची वस्ती हेरिटेज आहे. मग रुग्णालयाला परवानगी मिळूच शकत नाही ना?

मिळू शकते. ‘हेरिटेज’ म्हणजे सगळं गोठलं, असा समज दोन्ही बाजूंना असतो आणि दोन्हींचा तो चुकतो.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. तिच्यात इमारती श्रेणी १, २-अ, २-ब आणि ३ अशा विभागल्या आहेत. खेरीज आख्ख्या परिसरालाही ‘प्रिसिंक्ट’ म्हणून संरक्षण देता येतं. खोताची वाडी, म्हातारपाखाडी अशा वस्त्यांचं मोल एकेका घरात नाही. लाकडी जिने, अरुंद बोळ आणि सारखी उंची या सगळ्यांच्या एकत्र असण्यात आहे. श्रेणी १ मध्ये जवळपास काहीच हलवता येत नाही. श्रेणी २ मध्ये आतले बदल आणि काही परिस्थितीत त्याच आवारात सुसंगत जोडबांधकाम होऊ शकतं. श्रेणी ३ मध्ये बरीच मोकळीक आहे, आणि वाद बहुतेक तिथेच होतात. वारसा समितीचं मत घेऊन आयुक्त निर्णय देतात. पुण्यासारख्या शहरांतही वारसा यादी आणि समिती आहे.

पण यादीत नाव नसलेल्या जुन्या वाड्याला यातलं काहीही लागू होत नाही. दीडशे वर्षांचा असला तरी नाही. प्रस्ताव येण्याआधी यादी तपासा. आपली इमारत कोणत्या श्रेणीत आहे हे घरमालकांनाच ठाऊक नसतं, असं चित्र सर्वत्र दिसतं. श्रेणी कमी करण्याचा किंवा यादीतून वगळण्याचा प्रस्ताव झोन बदलाच्या बरोबरीनं सरकतोय का, तेही बघा.

केंद्र-संरक्षित स्मारक जवळ असेल तर आणखी कडक कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांच्या मालकांची याच नियमाबद्दल वर्षानुवर्षं तक्रार आहे, कारण तो त्यांच्या स्वतःच्या दुरुस्त्यांनाही आडवा येतो.

विरोध केला तर आम्ही रुग्णांच्या विरोधात ठरत नाही का?

हा प्रश्न सुनावणीत कुणीतरी विचारतंच, बहुधा जरा मोठ्या आवाजात. रुग्णालयाची गरज खरी असते. पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतीत आजचा अतिदक्षता विभाग बसत नाही, ऑपरेशन थिएटरला लागणारी उंची मिळत नाही, स्ट्रेचर वळेल असा जिना नसतो. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना दहा मिनिटांत दवाखाना हवा असतो आणि तो त्यांना लांब जायला नको असतो.

म्हणून विचारायचं ते असं : या जागेवर कोणता विभाग असणं गरजेचं आहे? तातडीची सेवा, प्रसूती, डायलिसिस जवळ हवेत. प्रशासकीय कार्यालय, नर्सिंग कॉलेज, कपडे धुण्याचा विभाग, औषधांचं मध्यवर्ती कोठार, कर्मचाऱ्यांचं पार्किंग हे दुसरीकडे जाऊ शकतं. विस्ताराच्या आराखड्यातला मोठा हिस्सा अनेकदा याच गोष्टींचा असतो. मजलानिहाय वापराचा तक्ता मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर तीही नोंदवून घ्या.

रुग्णालय मोठं झालं की वस्तीत आणखी काय काय येतं?

खाटांचा आकडा सगळे विचारतात. यंत्रांचं कुणी विचारत नाही, आणि शेजारी राहणाऱ्याला पुढची तीस वर्षं त्यांच्याबरोबरच काढायची असतात.

जनरेटर आणि वातानुकूलनाचे चिलर गच्चीवर बसतात आणि चोवीस तास चालतात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. यंत्रं कुठे बसणार, तोंड कुठे असणार, आणि शेजारच्या खिडकीपाशी आवाज किती येईल, हे बांधकामापूर्वी मागायचं. बसवून झाल्यावर चिलर हलत नाही.

द्रवरूप ऑक्सिजनची टाकी आवारात लागते. तिच्याभोवती मोकळं सुरक्षित अंतर सोडावं लागतं आणि टँकर तिथपर्यंत पोहोचावा लागतो. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती झाली आणि पुरवठा तुटून वीसहून अधिक रुग्ण दगावले. आवार तोकडं असेल तर टाकी कुठे बसवणार, हा प्रश्न नकाशावरच सोडवून घ्यायचा.

जैववैद्यकीय कचऱ्याबद्दल लोकांना धास्ती असते, पण इथे नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. २०१६ च्या नियमांनुसार कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या अशा चार गटांत वेगळा करायचा, प्रक्रिया न केलेला ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर रुग्णालयानं आवारात स्वतःची भट्टी उभारायची नाही. बघायचं एवढंच की कचऱ्याची खोली तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून येत नाही ना आणि गाडी कोणत्या फाटकातून जाते.

कर्करोग विभाग येणार असेल तर रेडिओथेरपीच्या यंत्रासाठी काँक्रीटचा बंकर लागतो, भिंती दीड-दोन मीटर जाड. त्याच्या नकाशाला अणुऊर्जा नियामक मंडळाची आधी मान्यता लागते. किरणोत्सर्गाची भीती सहसा अवाजवी असते. खोदकामाची भीती मात्र खरी. एमआरआयबद्दलही काळजी केली जाते, पण त्यात क्ष-किरण नसतातच.

आगीचा मुद्दा शेवटी आला असला तरी वजनानं पहिला आहे. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्यात, दाट वस्तीतल्या एका खासगी रुग्णालयात आग लागली. पार्किंगसाठी असलेल्या तळघरात ज्वलनशील सामान भरून ठेवलं होतं. धूर वरच्या मजल्यांवर गेला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. मदतीला पहिल्यांदा धावले ते शेजारच्या झोपडपट्टीतले लोक. तळघराच्या वापराची अट का मागायची, ते यावरून कळावं. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत राष्ट्रीय इमारत संहितेनुसार ‘उंच इमारत’ ठरते. तिच्याभोवती बंब फिरायला जागा आणि तितका रुंद रस्ता लागतो. जुन्या गल्लीत ही जागा कागदावर दाखवलेली असते आणि प्रत्यक्षात तिथे दुचाक्या लागलेल्या असतात.

मंडळाच्या गणपतीचं काय? शांतता क्षेत्र लागू होईल का?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. तिथली मर्यादा दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनानं अधिसूचित केल्याखेरीज ते आपोआप लागू होत नाही. रुग्णालय आधीपासून असेल तर क्षेत्र कदाचित आधीच जाहीर असेल. विस्तारामुळे आवाराची हद्द सरकली तर १०० मीटरही पुढे सरकण्याची मागणी होऊ शकते. हा मुद्दा मंडळाच्या कार्यकर्त्यांना लवकर कळवा. एरवी हरकतीच्या सुनावणीकडे न फिरकणारी माणसं यासाठी येतात.

खोदकामानं आमच्या घराला तडे गेले तर?

दगड-चुन्याच्या आणि लाकडी चौकटीच्या घरांना खोल पाया नसतो. शेजारी दोन-तीन तळघरांचं खोदकाम सुरू झालं की माती सरकते, भूजल उपसलं की जमीन बसते. नंतर रुग्णालय म्हणतं, तडे आधीपासूनच होते.

त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी आजूबाजूच्या घरांची तारखेसह छायाचित्रं आणि स्थापत्य अभियंत्याकडून पाहणी अहवाल करून ठेवा. त्याचा खर्च रुग्णालयानं करावा, तड्यांवर मोजपट्ट्या बसवाव्यात आणि ठरावीक मर्यादेपुढे हालचाल झाली तर काम थांबवावं, अशी अट मागता येते. सगळ्या अटींमध्ये ही सगळ्यात स्वस्त आहे. ती नाकारणारं व्यवस्थापन पुढे काय करेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

वाडा रुग्णालयानं विकत घेतला. आम्ही जुने भाडेकरू आहोत.

मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नवीन मालकालाही लागू आहे, आणि झोन बदल म्हणजे घर रिकामं करण्याचा आदेश नव्हे. भाडं नियमित भरा. नवीन मालक घेत नसेल तर मनीऑर्डरनं पाठवून पावती जपा. कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका. हरकतही स्वतंत्रपणे नोंदवा. ‘बाधित व्यक्ती’त मालकाइतकेच तुम्हीही आहात.

गरीब रुग्णांसाठी खाटा वाढतील का?

रुग्णालय धर्मादाय असेल तर हा प्रश्न आवर्जून विचारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. सार्वजनिक हिताच्या नावावर जादा बांधकाम मिळत असेल, तर वाढीव खाटांचा हिशेबही सार्वजनिक असायला हवा. आजवर या योजनेत किती रुग्णांना लाभ दिला, त्याची माहिती धर्मादाय आयुक्त कार्यालयातून मागवा. सुनावणीत ती जोडली की चर्चेचा सूर बदलतो.

घरांच्या किमती पडतील की वाढतील?

मुख्य रस्त्यावरची दुकानं, लॅब, औषधं, खानावळ यांची भाडी सहसा वाढतात. आतल्या गल्लीतल्या, खिडकीसमोर चिलर आलेल्या घराला गिऱ्हाईक कमी. वस्तीत या मुद्द्यावर एकमत होणार नाही, त्यामुळे सामूहिक हरकतीत तो न घातलेला बरा.

पर्यावरण मंजुरी, झाडं वगैरे?

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारत प्रकल्पांना जनसुनावणी नाही. तुकड्यातुकड्यांनी बांधून आकडा खाली ठेवला जात नाही ना, ते पाहा. झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ पासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरतं.

न्यायालयात जाता येतं का?

येतं, पण क्रम पाळा. नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खालचं अपील अर्जदारासाठी आहे, शेजाऱ्यांसाठी नाही. रहिवाशांना उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा जनहित याचिका करावी लागते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो : मुदतीत हरकत घेतली होती का?

सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा बंगलोर मेडिकल ट्रस्टचा निकाल या विषयात हमखास वाचला जातो. बंगळूरच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं, आणि त्या भागातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं. तुमच्या प्रकरणात मोकळ्या जागेचं आरक्षण उठवलं जात असेल तर हा निकाल वकिलांना दाखवा. नुसता निवासी भूखंड असेल तर त्याचा उपयोग मर्यादित.

अधिसूचना निघाली, काम सुरू झालं. आता?

अधिसूचनेची प्रत आणि मंजूर नकाशे मिळवा. बांधकाम परवानगी एक वर्षापुरती असते आणि नूतनीकरण करत जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत ताणता येते. त्या मुदतीत जोत्यापर्यंत काम झालं नाही तर नव्यानं अर्ज करावा लागतो. नकाशाबाहेर काम होत असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस काढण्याची मागणी फोटोंसह लेखी करा, आणि ती भोगवटा प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी करा. प्रमाणपत्र मिळून रुग्ण दाखल झाले की वरचा मजला पाडायला कुणीही धजावत नाही. आणि अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र रुग्णालयानं दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचं असतं. माहितीच्या अधिकारात त्याची प्रत दर सहा महिन्यांनी मागत राहा.